न आलेल्याचे गुण

खुलताबादेत बर्फ म्हणजे उसाच्या रसात पडतो तेवढाच. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत नातवाने मोबाइलवर स्नोबोर्डिंगची चित्रफीत लावली, तेव्हा फराळाची बशी मांडीवर घेऊन मी ती काहीशा तुच्छतेनेच पाहावयास बसलो. दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेला एक नॉर्वेजियन तरुण बर्फाच्या प्रचंड पन्हळीत उतरत होता, समोरच्या भिंतीवरून आभाळात जात होता आणि कसलीच घाई नसल्यासारखा परत येत होता. चकली हातातच राहिली.

त्याचे नाव तेर्ये होकोन्सेन. जन्म १९७४ चा. या पन्हळीच्या खेळाला हाफपाइप म्हणतात. स्नोबोर्डवाल्यांच्या स्वतःच्या संघटनेचे जगज्जेतेपद त्याने १९९३, १९९५ व १९९७ असे तीनदा मिळविले. १९९८ साली जपानमध्ये नागानोला हा खेळ हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथमच आला, आणि नेमका हाच गडी तिकडे फिरकला नाही. ऑलिंपिक समितीने खेळाची सूत्रे स्नोबोर्डवाल्यांच्या संघटनेकडे न देता स्कीइंगच्या महासंघाकडे सोपविली, हे त्याला मान्य नव्हते. भजनी मंडळांचे परीक्षण बँडवाल्यांना द्यावे, तसलाच प्रकार!

माझा नातू त्याला हट्टी म्हणतो. पदक नाही, मग थोर कसा? त्याचा आवडता शॉन व्हाइट. २००६, २०१० आणि २०१८ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णे.

मी व्हाइटलाही कमी लेखत नाही. २०१० साली व्हँकुव्हरला पहिल्याच फेरीने त्याचे सुवर्ण पक्के झाले होते. दुसऱ्या फेरीत नुसता सरळ खाली आला असता तरी चालले असते. पण त्याने आपली सर्वांत अवघड कोलांटी तेव्हाच घेतली. म्हणजे पदकवाल्यालाही पदकापलीकडचे काही हवे असते. तरी त्याचे खेळणे पाहताना मी गिरक्या मोजू लागतो. होकोन्सेनच्या बाबतीत मोजणे सुचतच नाही. अंगातला जोर तो लपवून ठेवतो.

आज या खेळात सहा परीक्षक शंभरपैकी गुण देतात, सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा गाळतात आणि उरलेल्या चारांची सरासरी काढतात. पद्धत निर्दोष दिसते. मीही शिक्षक असताना वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षण पुष्कळ केले. एका वर्षी एक मुलगी बोलता बोलता थांबली, क्षणभर खिडकीबाहेर पाहिले आणि मग असे काही बोलली की सभागृह गप्प झाले. वेळ संपून गेली होती. मी नियमाने गुण कापले. ढाल दुसऱ्याला गेली. पुढल्या वर्षी ती आलीच नाही.

होकोन्सेनवर माझा एक आक्षेप मात्र आहे. नागानोला स्वित्झर्लंडचा जियान सिमेन जिंकला. त्याचा काय अपराध? तरी त्याच्या सुवर्णाबरोबर न आलेल्याचे नाव निघायचेच. शिवाय बहिष्काराने साधले काय? स्नोबोर्डवाल्यांची ती संघटना २००२ मध्ये बंद पडली. होकोन्सेन मात्र थांबला नाही. खेळाडूंनीच चालविलेली आर्क्टिक चॅलेंज ही स्पर्धा त्याने उभी केली आणि तिच्यातच २००७ साली ऑस्लोत त्याने ९.८ मीटर उंच झेप घेतली.

आमच्या गावात मलिक अंबरची कबर आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा कारभार चालवून १६२६ मध्ये वारला. तख्तावर कधीच बसला नाही. त्याच्या वेळचे सुलतान कोण, हे गावात कुणाला विचारून पाहा. अर्थात उपमा फार ताणू नये. अंबरने दरबारावर बहिष्कार घातला नव्हता.

हे सारे ऐकून नातवाने विचारले, "आजोबा, त्या मुलीला किती गुण दिले होते तुम्ही?"

शंभरपैकी एकसष्ट. आकडा अजून पाठ आहे.