शिळाछापांतील गायिका आणि झाडीपट्टीचें फलकचित्र

आँरी द तुलूझ-लोत्रेक या फ्रेंच चित्रकारानें १८९४ सालीं ईव्हेत गिल्बेर हिच्यावर सोळा शिळाछापांचा एक संग्रह काढला. ही पॅरिसच्या करमणुकीच्या उपाहारगृहांतून गाणारी त्या काळची लोकप्रिय गायिका. लांब मान, वर चढलेल्या भिवया, ताणलेले ओंठ आणि कोपरावर गेलेले काळे हातमोजे, एवढ्याच सामग्रीवर चित्रकारानें तिची कला उभी केली आहे. मुखपृष्ठावर तर ती स्वतः नाहींच. तिचे रिकामे हातमोजे तेवढे पडले आहेत, आणि तरीही ती ओळखूं येते. लोत्रेक आपणांस कुरूप रंगवितो अशी तिची तक्रार असे. पण या संग्रहाच्या शंभर प्रतींवर तिनें स्वाक्षरी केली. आरशांतलें मुख आणि गातांनाचें मुख एक नसतें, हें गाणाऱ्यास कोणी सांगावयास नको.

त्याच सालीं मुंबईंत राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना निघाला. विद्या तीच, पण तिनें आमच्या घरोघरीं नेल्या त्या गोऱ्यागोमट्या, निश्चल देवता. छापील चित्र म्हणजे नितळ सौंदर्य, ही आमची समजूत बरीचशी तेथेंच रुजली असावी.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टींत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाहून मंडळ्या निघतात, गांवोगांव रात्रभर प्रयोग चालतात. त्यांच्या फलकांवर नटनट्यांचीं उजळलेलीं छायाचित्रें असतात. पहाटेच्या थंडींत ताणलेला गळा, विनोदी नटाची वांकडी मान, यांतलें कांहीं तेथें उतरत नाहीं. जाहिरातीनें गर्दी जमवावी, येवढेंच तिचें काम, असें कोणी म्हणेल. परंतु १८९१ सालचें लोत्रेकचें ‘मूलाँ रूज’चें प्रसिद्ध चित्र हीही जाहिरातच होती. तेव्हां उणीव आहे ती पाहणाऱ्या डोळ्याची.

झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, हें उचितच झालें. पण सन्मानानें नांव राहतें. उभें राहण्याची, शब्द फेंकण्याची लकब राहत नाहीं. ती टिपणारा चित्रकार याच भागांत निपजावा. लोत्रेकला विषयासाठीं मोंमार्त्रबाहेर जावें लागलें नाहीं. या चित्रकारासही वडशाबाहेर जाण्याचें कारण पडणार नाहीं.