रकान्यात न मावणारी गोरबोली

पुसद तालुक्यातल्या गहुली तांड्यात १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १९९१ मध्ये त्यांचे पुतणे सुधाकरराव त्याच पदावर आले. या दोन नावांच्या आधारे बंजारा समाज ‘मुख्य प्रवाहात आला’ असे आपण म्हणतो. प्रवाहात आलेला समाज आपले वेगळेपण हळूहळू सोडतो, हे गृहीतक त्यात दडलेले असते. पुसदच्या बाजारात आरसे जडवलेली फेटिया-कांचळी आता म्हाताऱ्या बायांच्याच अंगावर दिसते, तेव्हा ते खरेही वाटते. मात्र पोशाख हे वेगळेपण मोजण्याचे योग्य माप आहे का, याविषयी मला शंका आहे.

लमाणी भरतकाम आज जगभर पोचले आहे. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० परिषदेच्या निमित्ताने संडूरच्या बायांच्या १,७५५ वस्तूंचे प्रदर्शन भरले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. त्यातून हाताला काम मिळते, ही मोलाची गोष्ट आहे. पण वस्तू एकटी प्रवास करू शकते. तिला घडवणारीची भाषा तिच्यासोबत जावी लागत नाही.

भाषेचे तसे नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०७ मध्ये बंजारी बोली भिल्ली आणि खानदेशीसोबत एका खंडात ठेवली आणि तिचे नाते राजस्थानी-गुजरातीशी जोडले. २०११ च्या जनगणनेत ‘लमाणी-लंबाडी’ बोलणारे बत्तीस लाखांहून अधिक आहेत, पण त्यांची बेरीज हिंदीत होते. सरकारी याद्याही अशाच: हाच समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि तेलंगणात अनुसूचित जमाती. तरीही पुसदकडची मुलगी आदिलाबादच्या तांड्यात नांदायला गेली, तर सासूशी गोरबोलीतच बोलते. इकडे तिच्या बोलीत मराठी शब्द मिसळलेले असतात, तिकडे तेलुगू. वाक्याची घडण मात्र गोरबोलीचीच राहते.

याचे कारण मला तिच्या गाण्यांच्या रचनेत दिसते. होळीची लेंगी एकाने म्हणायची आणि घोळक्याने उचलायची. श्रावणात कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, ते तीजेचे गाणेही मेळ्याचे. सासरी निघालेली लेक ढावलो म्हणते, तेव्हा गळ्यात पडून रडणारी मायबहीण समोर लागते. ऐकणारा आणि उत्तर देणारा नसेल, तर ही गाणी पूर्णच होत नाहीत. ऊसतोडीला गेलेली माणसे होळीला तांड्यावर परतायला धडपडतात, त्यामागे सणाइतकीच ही गरज आहे.

म्हणून जागतिकीकरणाने वेगळेपण पुसले जाते, हा सरसकट शोक मला पटत नाही. मोबाइलवरून लेंगी पुण्यातल्या बांधकामावरही पोचते. धोका दुसरीकडे आहे. ध्वनिमुद्रित लेंगी ऐकता येते, पण तिला उत्तर देता येत नाही. आणि इंग्रजी शाळेत जाणारा नातू आजीच्या गोरबोलीला मराठीत उत्तर देतो.

मराठी समीक्षेने आत्माराम कनिराम राठोड यांचे ‘तांडा’ आत्मकथनांच्या परंपरेत वाचले. आता तांड्याची गाणी देवनागरीत उतरवून घेण्याचे काम आहे. ती उतरवताना म्हणणाऱ्याची ओळ आणि घोळक्याची ओळ वेगवेगळी नोंदवावी, एवढी काळजी घेतली तरी पुढच्या वाचकाला ती पुन्हा म्हणता येतील.