उलटे विमान आणि आपला फळा

विमान हवेत कसे राहते, याचे एक उत्तर आपण वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. पंख वरून फुगीर असतो, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो. खालच्या हवेबरोबरच पलीकडे पोहोचायचे असल्याने ती वेगाने जाते आणि बर्नूलीच्या तत्त्वानुसार वरचा दाब कमी होतो. उत्तर सुटसुटीत आहे. पण ते टिकत नाही.

ब्रिटनमधील डी हॅविलंड कंपनीचे टायगर मॉथ हे दोन आसनांचे शिकाऊ विमान १९३१ साली प्रथम उडाले. हवाई कसरतीही त्यावर शिकवीत. १९३४ साली जेफ्री टायसन या वैमानिकाने ते उलटे उडवत इंग्लिश खाडी ओलांडली. फुगीर बाजू खाली! आपल्या उत्तराप्रमाणे ते समुद्रातच ओढले जायला हवे होते.

चूक बर्नूलीची नाही. वरचा दाब खरोखरच कमी असतो. निराधार आहे ते 'दोन्हीकडची हवा एकाच वेळी पोहोचते' हे गृहीत. धुराचे झोत सोडून पाहिले, तर वरची हवा आधीच पोहोचलेली दिसते. पंख वाऱ्याशी कोन करून हवा खाली वळवतो आणि तिची प्रतिक्रिया त्याला वर उचलते. नाक पुरेसे उंच धरले, तर उलटा पंखही हेच करतो. फुगीरपणामुळे हे काम कमी कोनात साधते, एवढेच.

सपाट पंखांचे कागदी विमान कसे तरंगते, असे वर्गात कोणी विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. फळा पुसावा.