सैराट

सैराट : जातिबंधनांमुळे निषिद्ध ठरलेल्या प्रेमाची शोकान्त कथा सांगणारा संगीतप्रधान मराठी चित्रपट. दिग्दर्शक नागराज मंजुळे, संगीत अजय-अतुल, छायालेखन सुधाकर रेड्डी यक्कंटी, संकलन कुतुब इनामदार. फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविण्यात आला व २९ एप्रिल २०१६ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. १०० कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळविणारा हा पहिला मराठी चित्रपट होय. ‘सैराट’ या शब्दाचा अर्थ स्वैर, बेभान असा आहे.

कथानक सोलापूर जिल्ह्यातील करमाळा परिसरात घडते. आर्ची (रिंकू राजगुरू) ही ऊसपट्ट्यातील सधन, सत्ताधारी पाटील कुटुंबातील कन्या. तर परशा (आकाश ठोसर) हा मासेमारीवर गुजराण करणाऱ्या, कनिष्ठ मानलेल्या जातीतील कुटुंबाचा मुलगा. त्यांचे प्रेम उघडकीस येताच दोघे पळून जातात, हैदराबादच्या झोपडपट्टीत आश्रय घेतात आणि कष्टाने संसार उभा करतात. काही वर्षांनी माहेरचे लोक भेटवस्तू घेऊन येतात व दोघांची हत्या करतात.

परस्परवैरी गटांतील प्रेमिकांचा विषय शेक्सपिअरच्या रोमिओ अँड ज्यूलिएट पासून रूढ आहे. त्याचा सर्वांत प्रसिद्ध संगीतमय चित्रपटीय आविष्कार म्हणजे रॉबर्ट वाइझ व जेरोम रॉबिन्स दिग्दर्शित वेस्ट साइड स्टोरी (१९६१). लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या संगीताने नटलेल्या या चित्रपटाला १० ऑस्कर पारितोषिके लाभली. भारतात अछूत कन्या (१९३६) या बाँबे टॉकीजच्या बोलपटाने ब्राह्मण तरुण व अस्पृश्य तरुणी यांचे प्रेम गीतांच्या साहाय्याने मांडले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिनिर्मूलनाचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाचा पुरस्कार केला होता. अछूत कन्या मध्ये मात्र हा विवाह होतच नाही आणि नायिकेच्या आत्मत्यागाने पेच मिटविला जातो. सैराट मध्ये नायक-नायिका लग्न करतात, त्यांना मूल होते, आणि त्यानंतर शिक्षा येते. प्रश्न प्रेमाच्या सफलतेचा नसून असे लग्न समाज जगू देतो की नाही, असा होतो.

वेस्ट साइड स्टोरी शी तुलना केल्यास आणखी एक मूलगामी भेद लक्षात येतो. तेथील दोन्ही टोळ्या गरीब व जवळजवळ तुल्यबळ आहेत. म्हणून नायकाच्या मृत्यूनंतर दोन्हींकडील तरुण त्याचे शव एकत्र उचलू शकतात. सैराट मध्ये असे दोन पक्षच नाहीत. जमीन, साखर कारखाना, शिक्षणसंस्था व राजकारण एका बाजूस. दुसऱ्या बाजूस परशा आणि त्याचे दोन मित्र. वर्गात शिक्षकाला थप्पड मारणारा आर्चीचा भाऊ या विषमतेचे उघड रूप होय. वैर जेथे दुतर्फा नसते तेथे समेटाची भाषा निरर्थक ठरते, हे चित्रपटाने ओळखले आहे.

संगीत हे या चित्रपटाचे मोठे सामर्थ्य असून त्याविषयीचा मुख्य आक्षेपही तेच आहे. लोकसंगीताच्या ठेक्याला पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंदाची जोड देण्यात आली असून त्या वादनाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत झाले. चारही गीते पूर्वार्धात येतात. चित्रपटगृहांतील प्रेक्षक त्यांवर नाचले. त्यामुळे जातीचे वास्तव रंजनात विरघळले, अशी टीका संभवते. ती सर्वस्वी निराधार नाही : पूर्वार्धातील मंदगती दृश्ये व विहिरीत उड्या घेणारा नायक हे रूढ प्रेमपटांचेच साहित्य आहे. तथापि उत्तरार्धात गाणे थांबते आणि त्या अभावामुळेच शहरातील श्रम, संशय व भांडणे प्रेक्षकाला जड वाटू लागतात. अखेरीस आई-वडिलांचे मृतदेह पाहून बाहेर पडणाऱ्या बालकाच्या रक्ताळलेल्या पावलांच्या दृश्यात ध्वनीही नाही. ही निःशब्दता आधीच्या सुरावटींवाचून इतकी असह्य झाली नसती.

व्यक्तिरेखांपैकी आर्चीची अधिक सूक्ष्म आहे. बुलेट व ट्रॅक्टर चालविणारी, पुरुषांना दरडावणारी ही मुलगी स्वतंत्र भासते. परंतु तिच्या धिटाईमागे घराण्याची सत्ता उभी आहे. हैदराबादेत ती सत्ता सुटते आणि तिला स्वयंपाकापासून परभाषेपर्यंत सर्व काही नव्याने शिकावे लागते. तिचा खरा कणखरपणा येथे दिसतो. उलट, आदर्श प्रियकर वाटणारा परशाही संशयाने तिच्यावर हात उगारतो; पुरुषी स्वामित्वभावना केवळ वरिष्ठ जातींत असते, असा सोयीस्कर समज चित्रपट बाळगत नाही. राजगुरू हिच्या अभिनयाची ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष दखल घेण्यात आली.

कन्नड, पंजाबी, हिंदी इ. भाषांत या चित्रपटाच्या पुनर्निर्मिती झाल्या. त्यांपैकी धडक (२०१८) या हिंदी रूपात कथा राजस्थानात नेण्यात आली, पण जातीचा संदर्भ पुसट झाला. करमाळ्याची बोली, उसाचे फड व तेथील सत्तासंबंध काढून घेतल्यास उरते ती परिचित प्रेमकथा, हे त्यातून सिद्ध झाले. मंजुळे यांच्या फँड्री (२०१३) मध्ये जातीय अपमानाचे चित्रण अधिक संयत आहे. परंतु ज्यांच्या घरांत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो, अशा विशाल प्रेक्षकवर्गापर्यंत तो पोहोचविण्याचे श्रेय सैराट लाच द्यावे लागते.