शेवट ठाऊक असताना

मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याच्या भूगोलाच्या पुस्तकात दडलेली रहस्यकथा मी एकदा जप्त केली. मास्तराला शोभतील असे चार शब्द त्याला सुनावले, पुस्तक पिशवीत टाकले आणि रात्री जेवणे आटोपल्यावर स्वतःच ते एका बैठकीत संपवले. दुसऱ्या दिवशी ते परत देताना ऐटीत विचारले, "खुनी कोण ते एकदा कळल्यावर यात उरते काय रे?" तो खाली मान घालून म्हणाला, "सर, मी तिसऱ्यांदा वाचत होतो."

वाचकहो, त्या उत्तराने मी गप्प झालो. माझ्या चार कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आहेत. त्यांतली एखादी कुणी तीनदा वाचल्याचे माझ्या ऐकिवात नाही. रहस्यकथेला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे रहस्यपटाला, मी आजवर फावल्या वेळेची करमणूक समजत आलो होतो. त्या दिवसापासून मी एक साधी कसोटी धरली : शेवट ठाऊक असताना चित्रपट पुन्हा पाहावा आणि काय उरते ते पाहावे. पदव्यांचे ओझे अंगावर नसल्यामुळे मला याहून अवघड कसोटी पेलणारही नाही. मात्र या कसोटीपायी मला काही शेवट फोडावे लागतील. ज्यांचे त्याने काही बिघडत नाही, त्यांचेच फोडीन.

पहिला हिचकॉकचा 'द थर्टी-नाइन स्टेप्स', १९३५ सालचा. हेरांनी चोरलेले विमानाच्या इंजिनाचे गुपित कोठल्याच कागदावर नाही; ते आहे 'मिस्टर मेमरी' नावाच्या, रंगमंचावर स्मरणशक्तीचे खेळ करणाऱ्या माणसाच्या डोक्यात. शेवटी भर प्रयोगात नायक त्याला नको तो प्रश्न विचारतो. उत्तर दिले तर मरण आहे. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे हाच त्याचा जन्माचा धंदा! तो उत्तर देऊ लागतो आणि गोळी लागते. मरता मरता तो ते लांबलचक सूत्र घडाघडा म्हणून टाकतो आणि सुटल्यासारखा होतो. सूत्र काय होते हे मला आज आठवत नाही. पाठांतराखाली दबलेला तो माणूस मात्र आठवतो, कारण तसे चेहरे मी परीक्षेच्या दिवसांत दरवर्षी पाहतो.

कॅरोल रीडचा 'द थर्ड मॅन' १९४९ चा. युद्धानंतरचे, चार राष्ट्रांनी वाटून घेतलेले व्हिएन्ना. तेथे आलेला एक स्वस्त कादंबऱ्यांचा लेखक. आणि मेला म्हणून ज्याला पुरले तो त्याचा मित्र हॅरी लाइम. हॅरी जिवंत आहे हे रहस्य तासाभरातच फुटते. खरी गोष्ट तेथून पुढे सुरू होते. त्याने विकलेल्या भेसळीच्या पेनिसिलिनने मुलांचे जे झाले ते पाहायला लेखकाला रुग्णालयात नेतात. मुलांचे चेहरे आपल्याला दाखवत नाहीत. एक खेळण्यातले अस्वल तेवढे उलटे टाकलेले दिसते. मित्राला धरून द्यावे की नाही, हा प्रश्न दुसऱ्यांदा पाहतानाही सुटत नाही. शेवटच्या दृश्यात हॅरीची प्रेयसी लांबलचक रस्त्याने चालत येते आणि वाट पाहत उभ्या असलेल्या लेखकाकडे न बघता निघून जाते. मूळ कथाकार ग्रॅहम ग्रीन याला एवढा कडू शेवट नको होता; दिग्दर्शकाचे बरोबर होते हे त्याने पुढे मोकळेपणाने कबूल केले. असा मोठेपणा आम्हां कादंबरीकारांत दुर्मिळ आहे!

१९६२ साली 'डॉ. नो'मधून जेम्स बाँड पडद्यावर आला आणि हेर म्हणजे सुरेख कपड्यांतला अजिंक्य वीर झाला. मजा येते, नाही कशाला म्हणू? पण बाँडच्या अंगाला काही लागत नाही, म्हणून आपल्यालाही लागत नाही. याला उतारा म्हणून १९६५ चा 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' पाहावा. त्यातला थकलेला हेर बर्लिनच्या भिंतीवर चढतो. प्रेयसी खाली मरून पडलेली असते. पलीकडे उडी मारली तर जीव वाचणार असतो. तो अलीकडे, तिच्या बाजूला उतरतो.

आपल्याकडचा विजय आनंदांचा 'ज्वेल थीफ' (१९६७) मोठ्या चातुर्याचा. नटाची प्रेक्षकांच्या मनातली प्रतिमा हीच दिग्दर्शकाने चोराला लपायची जागा केली आहे. पण याचा शेवट मी सांगणार नाही. सांगितला तर वैजयंतीमालेचे नृत्य आणि सचिनदेव बर्मनांचे संगीत एवढेच हाती उरेल. ते थोडे नव्हे, पण ती गाण्यांची पुण्याई, रहस्याची नव्हे.

सत्यजित राय यांनी 'सोनार केल्ला'मध्ये (१९७४) उलटा डाव टाकला. स्वतःच्याच कादंबरीत मागे राखलेले खलनायक त्यांनी पडद्यावर लवकर उघडे केले. मग आपण "कोण?" असे विचारत नाही, पूर्वजन्मीचा सोन्याचा किल्ला आठवणाऱ्या लहानग्या मुकुलची काळजी करत बसतो. जैसलमेरला किल्ला सापडतो, आणि मुकुलला हवे असते ते आपले कलकत्त्याचे घर. मुलांना घेऊन पाहण्याजोगा याहून चांगला रहस्यपट मला माहीत नाही.

आणि मेघना गुलजार यांचा 'राझी' (२०१८). त्यातली सहमत फार लवकर तयार होते, योगायोगही तिला फार मदत करतात. पण १९७१ च्या दिवसांत पाकिस्तानातल्या शाळेत ती मुलांना देशभक्तीचे गाणे शिकवते, तेव्हा शब्द तेच, देश मात्र तिच्या मनात वेगळा आणि मुलांच्या मनात वेगळा. मी स्वतः अशी गाणी वर्गाकडून बसवून घेतो. ते दृश्य मला निवांत पाहवले नाही.

असे पाहत गेल्यावर एवढेच कळले : रहस्य हा दिंडी दरवाजा आहे. त्यातून आत जायचे असते. आत घर नसेल तर दरवाजा कितीही नक्षीदार असो, माणूस एकदाच येतो.

त्या मुलाला मी नंतर विचारले, तिसऱ्यांदा का वाचत होतास? तो म्हणाला, "त्यातल्या हवालदारासाठी. तो माझ्या आजोबांसारखा बोलतो." तो हवालदार माझ्या लक्षातही आला नव्हता. पुस्तक मी पुन्हा मागून घेतले आहे. या सुट्टीत वाचणार आहे.