'इम्प्रुडंट' कोणाला म्हणावे?

'इम्प्रुडंट' हे इंग्रजी विशेषण मराठीत आणताना आपण सरसकट 'अविचारी' असे लिहून मोकळे होतो. आमच्या मते ही घाई शब्दावर अन्याय करते आणि माणसांवरही. मूळ लॅटिन शब्दात पुढचे पाहणे हा अर्थ आहे. तेव्हा विचार करूनही ज्याचा निर्णय चुकतो, तोही या विशेषणाच्या कक्षेत येतो. संत थॉमस अक्वायनस यांनी या दोषाचे प्रकार वेगळे केले आहेत: सल्ला न घेता केलेली उतावीळ, परिस्थिती न तोलणे, ठरविलेल्यावर टिकून न राहणे इत्यादी. या सर्वांना सामावून घेणारा मराठी शब्द 'अविवेकी' हा होय.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी सुरू केलेल्या संपाला परळ-लालबागबाहेर अजूनही सहज 'अविचारी' म्हटले जाते. परंतु वेतन आणि बोनसविषयीची गाऱ्हाणी जुनी होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे ठेवला होता. तिच्यावरचा विश्वास उडाला म्हणून कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले. याला अविचार कसे म्हणावे?

कापडधंदा यंत्रमागांकडे सरकत असताना बेमुदत संप हे साधन योग्य होते काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दाखला (लूक १४) नेत्यांनाही लागू पडतो. पण मग गिरण्यांची यंत्रे जुनी होऊ देणाऱ्या मालकांनाही तोच प्रश्न विचारावा लागेल. त्यांच्या नावामागे हे विशेषण क्वचितच लागते.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाचे मोल आम्हांला येथेच वाटते. संपानंतर विस्कटलेले गिरणी कामगाराचे घर ते दाखविते, परंतु त्या घराला दोषी ठरविण्याची घाई करीत नाही.

परिणाम पाहून विशेषण लावणे सोपे असते. निर्णयाच्या वेळी काय ठाऊक होते, सल्ला कोणाचा घेतला, दुसरी वाट खुली होती काय, हे विचारल्यावाचून हा शब्द कोणाच्या माथी मारू नये. जो हरला तो अविवेकी, असे मानणे हाच मोठा अविवेक होय.