‘आमचा बाप आन् आम्ही’ : माणसाची स्वतःबद्दलची प्रतिमा बदलते कशी?

कामठ्यात बोलायचं ठरलं तेव्हा आम्हाला सुचवण्यात आलं होतं, की यशाची काही सूत्रं सांगा, इथली पोरं भरतीची तयारी करतायत, त्यांना हुरूप येईल. सूत्रं आमच्याजवळ नाहीत. एक पुस्तक मात्र आहे. ते अशा प्रेरणेच्या भाषणांत इतक्यांदा वापरलं गेलंय, की आता ते कुणी पुरतं वाचतं का, अशी आम्हाला शंका येते. नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’. १९९३ साली ‘ग्रंथाली’नं काढलं.

भाषणात त्यातला कोणता भाग येतो, ते तुम्हाला माहीत आहे. ओझर गावचा दामू, मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेत नोकरी, वडाळ्याची वस्ती. हा बाप पोरांना सांगतो, की जे कराल त्यात सगळ्यांच्या वर राहा. मग चोर झालास तरी असा हो, की जगानं नाव घ्यावं. आणि पोरं तशी निघतात. थोरला सनदी अधिकारी, धाकटा अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन रिझर्व्ह बँकेत, पुढे पुणे विद्यापीठाचा कुलगुरू. वक्ता इथं थांबतो, टाळ्या होतात, आणि तात्पर्य येतं : बघा, मानसिकता बदलली की आयुष्य बदलतं.

आमचं भांडण या तात्पर्याशी आहे. कारण ते पुस्तकात नाही.

आधी हे तात्पर्य आलं कुठून ते बघू. न्यूयॉर्कला मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे प्लास्टिक सर्जन होते. त्यांना दिसलं, की काही लोकांचा चेहरा सुधारला तरी ते स्वतःला कुरूपच समजत राहतात. म्हणजे मनात एक दुसराच चेहरा असतो. यावर त्यांनी १९६० साली ‘सायको-सायबरनेटिक्स’ लिहिलं. आज ‘सेल्फ-इमेज’ बदलण्याची जी शिबिरं होतात, त्यांतल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ या पुस्तकात सापडतं. निरीक्षण खरं आहे, त्याबद्दल आम्ही माल्ट्झना मानतो. पण ते म्हणाले होते, की जुनी प्रतिमा पुसट व्हायला किमान एकवीसेक दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ वाटेत गळाला आणि ‘एकवीस दिवसांत नवे तुम्ही’ असे फलक लागले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी लागायला किती दिवस लागतात ते मोजलं. सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. तेही जेवणासोबत फळ खाणं, रोज थोडं चालणं, असल्या साध्या सवयींसाठी. मी कोण आहे ही समजूत तर त्याहून कितीतरी खोल रुतलेली असते.

पण दिवसांचा हिशोब सोडा. माल्ट्झ यांनी एक प्रश्न अर्ध्यावर ठेवला असं आम्हाला वाटतं. मनातला तो चेहरा काढला कुणी? आता दामूकडे जाऊ.

दामू येसकरकी करतो. येसकरकी म्हणजे महारांच्या वाट्याला आलेली गावकामाची पाळी. मेलेलं जनावर ओढा, साहेबाच्या घोड्यापुढे पळा, दारोदार भाकरी मागा. एकदा विहिरीत प्रेत सापडतं. त्यानं राखण करायची, तो करतो. मग हुकूम होतो, विहिरीत उतर आणि प्रेत वर काढ. दामू नाही म्हणतो. त्याला मार पडतो. सगळ्यांसमोर पडतो. आणि तो बायकोला, सोनूला, घेऊन गाव सोडतो.

प्रेरणेच्या भाषणात हा प्रसंग आलाच तर ‘त्यानं ठरवलं’ या दोन शब्दांत येतो. आता पुस्तक उघडून बघा, हा ठरवणारा दामू तयार कसा झालाय. तो लहानपणीच मुंबई बघून आलाय. तिथं पेपर विकलेत. एका गोऱ्या साहेबाच्या घरी त्याच्या लहान मुलीशी खेळलाय, आणि त्या पोरीला हा अस्पृश्य आहे हे ठाऊकच नाही. रेल्वेत काम केलंय, हातात पगार घेतलाय. मंदीत नोकरी गेली म्हणून तो गावात परत आलाय. त्यात आंबेडकरांची चळवळ. नाशिकला २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यातही हा आहे. म्हणजे विहिरीच्या काठावर उभा असताना गावाच्या नजरेखेरीज दुसऱ्या नजराही त्याच्या पाठीशी होत्या. त्या पोरीची, पगार देणाऱ्या मुकादमाची, सत्याग्रहात शेजारी बसलेल्या माणसाची. गावानं दाखवलेला दामू खोटा आहे, हे सांगणारे साक्षीदार त्याला भेटले होते. डोळे मिटून, मनात चित्र रंगवून हे झालेलं नाही.

आम्ही हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्हीही मुलांच्या यशावरच खूष झालो होतो, हे कबूल करतो. दुसऱ्या वाचनात जाणवलं की मुलांचा भाग बापाच्या भागापुढे फिका आहे. काही ठिकाणी तो जीवनवृत्तासारखा वाचला जातो. पदवी, पद, परदेश. बापाच्या पानांत धग आहे, कारण तिथं माणूस अजून घडतोय. आणि ती पानं त्याच्या बोलीत आहेत. निवृत्त म्हातारा घरात सतत काहीतरी खाटखूट करत राहतो, म्हणून धाकट्यानं वह्या दिल्या आणि सांगितलं, तुमची कहाणी लिहा. त्यानं लिहिली, जशी बोलतो तशी. ती शुद्ध करून घेतली असती तर पुस्तक गेलं असतं.

बोलीवर थोडं थांबतो, कारण हा मुद्दा कामठ्याचा आहे. इथं एका घरात झाडीबोली, दुसऱ्यात पोवारी, बाजारात हिंदी. इथलं पोरगं शिकायला नागपूरला, पुण्याला जातं आणि ‘पानी’ म्हटल्यावर कुणीतरी हसतं. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर या बोलीचा अभ्यास करून ते दाखवलंय. ही त्या बोलीची घडण आहे, बोलणाऱ्याची चूक नव्हे. पण वर्गात हसू झालं की पोरगं गप्प होतं, हात वर करणं सोडतं, मुलाखतीत अर्धं लक्ष उच्चारावर ठेवतं. मग त्याला शिबिरात पाठवायचं आणि सांगायचं, तुझा आत्मविश्वास कमी आहे, आरशासमोर उभा राहून रोज म्हण ‘मी जिंकणार’! आजार हसणाऱ्यांना आणि औषध याला, असं झालं हे.

कुणी म्हणेल, तुम्ही मानसशास्त्राला मोडीत काढताय. नाही. कॅरल ड्वेक यांचं ‘माइंडसेट’ २००६ सालचं. बुद्धी वाढू शकते असं मानणारी मुलं अडचणीत टिकतात, हे त्यांचं म्हणणं. याची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली, २०१९ साली ‘नेचर’मध्ये आली. नववीची सुमारे १२ हजार मुलं, तासाभराहून कमी वेळाचा ऑनलाइन धडा. मागे असलेल्या मुलांचे गुण चारपैकी ०.१ नं वाढले. एवढ्या स्वस्तात एवढं मिळालं तर ते वाईट नाही, पण आयुष्य पालटणारंही नाही. आम्हाला त्यातली पुढची ओळ महत्त्वाची वाटते : ज्या शाळांत सोबतची मुलं अवघड गोष्टीला हात घालणं चांगलं मानत होती, तिथं परिणाम जास्त दिसला. धडा एकट्यानं वाचायचा होता, पण तो रुजला सोबत्यांमुळे.

आता या जिल्ह्यातली एक गोष्ट. १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं; वेगळा जिल्हा झाला १९९९ ला. इथं ते हरले. १९५२ ला मुंबईतही हरले होते. यशाच्या पुस्तकांच्या मापानं बघितलं तर लागोपाठ दोनदा नापास. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात लाखो माणसं जमली आणि त्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्या प्रतिज्ञांची रचना बघा. सगळ्या ‘मी’च्या भाषेत आहेत. आजचे शिबिरवाले ज्याला सकारात्मक स्वयंसूचना म्हणतात, वरवर तसंच. पण त्या बंद खोलीत आरशासमोर म्हटलेल्या नाहीत. मोठ्यानं, शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा, लाखोंनी एकदम म्हटल्या. उद्या मी मोडली तर विचारणारा शेजारी आहे. आणि त्यांच्यामागून रोजच्या जगण्यातले बदल आले : अमुक काम करणार नाही, अमुक विधी करणार नाही, पोर शाळेत जाईल. विदर्भातल्या कितीतरी घरांत यानंतर माणसांनी स्वतःला वेगळ्या नावानं ओळखायला सुरुवात केली. ‘आत्मप्रतिमा बदलणे’ याचं याहून मोठं उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही, आणि यशाच्या पुस्तकांत ते क्वचितच सापडतं.

म्हणून भरतीच्या पोरांना आमचं सांगणं थोडं वेगळं आहे. जागा शंभर आणि अर्ज हजारो असतील, तर नव्वद टक्क्यांहून जास्त पोरं घरी परतणारच, त्यांची मानसिकता कशीही असो. हे गणित आहे. निकालाच्या दिवशी जो तुम्हाला ‘तू मनापासून इच्छा केली नाहीस’ म्हणतो, त्याला हे गणित मांडून दाखवा. अभ्यास करा, पळा, पण चार जण मिळून करा. एकमेकांचे पेपर तपासा. ज्याचं नाव यादीत आलं नाही, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी जा. तो आठ दिवस दार लावून बसतो, तेव्हाच त्याच्या मनातला चेहरा बिघडत असतो.

आणि हे पुस्तक मिळवून पहिला भाग मोठ्यानं वाचा, शक्य असेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवा. मग त्यांच्या हातात एक वही द्या. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहून घ्या, पण ते बोलतील तसंच लिहा, ‘पानी’चं ‘पाणी’ करू नका.

आमचं बोलणं इथं थांबवतो. मागे बसलेल्या मुली मघापासून काहीतरी विचारू बघतायत. आधी त्यांचे प्रश्न घेऊ.